केस राठ की थर दाट?

आयर्लंडमधल्या मीथ परगण्यात २००३ साली दलदलीची माती उपसणाऱ्या यंत्रात एक माणूस आला. सुमारे २३०० वर्षांपूर्वी मारला गेलेला. दलदलीने त्याची कातडी चामड्यासारखी कमावली होती आणि केस तसेच राखले होते, कपाळावरून वर चढवून रचलेले. त्या केसांत काय आहे ते तपासलं, तर वनस्पतीचं तेल आणि पाइनची राळ निघाली. राळसुद्धा आयर्लंडची नव्हे, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडची किंवा स्पेनची. इतक्या लांबून मागवलेलं हेअर जेल! ‘क्लोनीकॅव्हन मॅन’ या नावाने तो आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

तेवीसशे वर्षं जे पाण्यात राहून गेलं नाही, ते दोन मग पाण्याने कसं जाईल? केसांना लावलेली गोष्ट चिवट असते. आणि ज्यांचे केस राठ, कोरडे, पिंजारलेले, त्यांच्याकडे ती सगळ्यात जास्त साचते. कारण हीच मंडळी लावतात सगळ्यात जास्त आणि धुतात सगळ्यात कमी. तेल, सीरम, क्रीम, जेल, वर पुन्हा तेल. केस कोरडे वाटले की आणखी एक पदर चढतो. पदर चढला की केस जड, मेणचट आणि हाताला आणखी कोरडे.

माझे केस याच जातीचे. कुरळे, जाड, पावसाळ्यात दुप्पट. ‘तुमचे केस पार खराब झालेत’ असं एका पार्लरमध्ये ऐकून मी रडत घरी आले होते. खराब काहीही झालेलं नव्हतं. एका बटेवरून अंगठ्याचं नख वरून खाली ओढलं, तेव्हा नखात पांढुरकं, लोण्यासारखं काहीतरी गोळा झालं. हाच तो थर. तो गेला आणि खाली माझेच केस निघाले. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यातल्या गमती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टोकाने पाहिलेल्या पाच दिवाळ्या

डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटरच्या वेणीचं टोक पाच वर्षांचं असतं. पाच उन्हाळे, पाच पावसाळे, पाच दिवाळ्यांची अभ्यंगस्नानं आणि मधल्या शेकडो वेण्या त्या टोकाने सोसलेल्या असतात. मुळाशी आजचा केस, टोकाशी जुना, आणि आपण दोघांना एकाच मापाने सगळं चोपडतो.

केस जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा जाड. त्याच्या बाहेरच्या अंगाला खवले असतात, कोकणातल्या घरावर नळ्याची कौलं एकावर एक चढवलेली असतात तसे, आणि त्यांचे पाच ते दहा पदर. कौलांची तोंडं टोकाकडे. म्हणून एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट ओढलं तर सरसर जातं, उलट ओढलं तर अडतं. करून बघा.

नव्या केसाच्या कौलांवर जन्मतःच एक अतिशय पातळ स्निग्ध पदर असतो, एका रेणूएवढ्या जाडीचा. त्यामुळे नवा केस पाणी झटकतो. ब्लीच, केसांचे कडक रंग, ऊन, अल्कली यांनी तो जातो. गेला की गेला, कारण त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला काही दुरुस्त करता येत नाही. कंडिशनर, सीरम हे सगळे या हरवलेल्या पदराचे उसने पदर आहेत. उसने पदर वाईट नसतात. ते वेळच्या वेळी उतरवावे लागतात, इतकंच.

कुरळ्या केसांची अडचण वेगळीच. डोक्याच्या त्वचेतून सुटणारं तेल सरळ केसावरून घसरगुंडीसारखं खाली येतं. कुरळ्या केसाला वळणावळणाचा घाट असतो. तेल वरच्या वळणांतच राहतं. मुळं तेलकट आणि टोकं खरखरीत, असे एकाच डोक्यावर दोन ऋतू.

शाम्पू उणे, कंडिशनर अधिक

कंडिशनर धुऊन टाकल्यावरही केसांवर थोडा राहतोच, हे आपल्याला जाणवतं. कारण विजेचं आहे. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, आणि केस जितका झिजलेला, तितका तो भार जास्त. कंडिशनरमधले मुख्य रेणू धन भाराचे असतात. ते जाऊन नेमके झिजलेल्या जागी चिकटतात. मुळाशी कमी, टोकाशी जास्त. कुणी न सांगता त्यांना कुठे बसायचं ते कळतं, हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

शाम्पूतले बहुतेक स्वच्छ करणारे रेणू ऋण भाराचे. म्हणून शाम्पू आणि कंडिशनर वेगळ्या बाटल्यांत असतात. सहज एकत्र केले तर एकमेकांना धरून बसतात. १९८७ मध्ये अमेरिकेत ‘पर्ट प्लस’ हा टू-इन-वन शाम्पू आला तो म्हणूनच नवलाचा होता. अशा शाम्पूंत पुष्कळदा धन भाराचे लांबलचक रेणू असतात, लेबलावर ‘पॉलिक्वाटर्नियम’ या नावाने. पाणी ओतून शाम्पू पातळ झाला की ते शाम्पूच्या रेणूंशी जोडी जमवून केसावर उतरतात. मऊपणा येतो तो त्यांच्यामुळे. पण दर न्हाण्याला हाच शाम्पू असेल तर ही जोडी केसावर मुक्कामच ठोकते, आणि राठ केस हळूहळू चपटे, निस्तेज दिसायला लागतात.

लेबलावरचं आणखी एक नाव, ‘बेहेनट्रायमोनियम’. वाचताना जीभ अडखळते, पण त्यात आपला शेवगा लपलेला आहे! शेवग्याच्या बियांच्या तेलाला इंग्रजीत बेन ऑइल म्हणतात. त्यातल्या आम्लाला बेहेनिक आम्ल हे नाव तिथूनच मिळालं, आणि या कंडिशनरला त्या आम्लावरून. आमटीतल्या शेंगेचं नाव कंडिशनरच्या बाटलीवर.

आणि ज्याला सगळे घाबरतात ते सिलिकोन? केसांच्या सीरममधलं डायमेथिकोन आणि गॅसवरच्या औषधांतलं, तान्ह्या बाळाच्या पोटदुखीच्या थेंबांतलं सिमेथिकोन हे सख्खे नातलग. डायमेथिकोनमध्ये थोडी सिलिका मिसळली की सिमेथिकोन. पोटात त्याचं काम बुडबुडे फोडण्याचं. हे लक्षात ठेवलं की न्हाणीघरातलं एक कोडंही सुटतं. तेलाने किंवा सीरमने माखलेल्या केसांत शाम्पूच्या पहिल्या हाताला फेसच येत नाही. शाम्पू बिघडलेला नसतो, थर फेसाला उठू देत नाही. दुसऱ्या हाताला फेस भरभरून आला, म्हणजे पहिल्याने काम केलं. फेस हा थर किती उतरला याची खूण म्हणून उपयोगी आहे. स्वच्छता त्याच्यामुळे होते असं मात्र नाही.

साधं डायमेथिकोन साध्या शाम्पूने बरंचसं निघतं. नावाच्या आधी ‘पीईजी’ असेल तर साधारणपणे ते पाण्यात आणखी सहज विरघळतं. त्रास होतो तो शाम्पू पूर्ण सोडून नुसत्या कंडिशनरने केस धुणाऱ्यांना. परदेशातून आलेली ही पद्धत अलीकडे आपल्याकडच्या कुरळ्या केसांच्या मुलींनीही उचलली आहे. ती पद्धत वाईट नाही, पण ती पाळायची तर डब्यांवर ‘कोन’ने संपणारी नावं शोधायची सवय हवी.

केस नावाचं यंत्र

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. जिनिव्हाचे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हे आल्प्सच्या डोंगरांत हिंडणारे शास्त्रज्ञ. हवेत ओल किती आहे ते मोजायचं यंत्र त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी माणसाच्या केसापासून बनवलं. १७८३ साली त्यांनी त्यावर आख्खा ग्रंथ छापला. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत फरक दोन ते अडीच टक्क्यांचा. एवढ्याशा फरकावर काटा फिरतो.

या यंत्रासाठी केस आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरची चरबी काढून टाकावी लागे. तेलकट केस हवेची ओल नीट सांगत नाही! पुढे दीडशे-दोनशे वर्षं जगभरच्या वेधशाळांत केसांचे जुडगे ताणून बसवलेली यंत्रं चालली, आपल्या हवामान खात्याकडेही ती होती. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत या केसांची निगा कशी राखावी तेही दिलंय: मऊ ब्रशने, ऊर्ध्वपातित पाण्याने वरचेवर धुवावेत, धूळ आणि क्षार साचू देऊ नयेत, आणि केसांना बोट कधीही लावू नये. केसाला किती जपायचं आणि थर किती टाळायचा, हे याहून नेमकं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत सकाळी आरशासमोर केस फुलून उभे राहिले, की समजायचं, यंत्र चालू आहे. दमट हवेतलं पाणी केसात शिरतं, आतल्या प्रथिनांचे हलके बंध सुटतात आणि नव्या जागी बांधले जातात, केस आदल्या दिवशीचा आकार सोडतो. तेल चोपडून हे थोडं दाबता येतं, पण मेणचट झालेले केस एकमेकांना अडकतात, कंगवा जोर लावून ओढावा लागतो, केस मधेच तुटतो. तुटलेली ती आखूड टोकं मग डोक्यावर तरारून उभी राहतात. आपण त्यालाही ‘केस फुलले’ म्हणतो आणि आणखी तेल घेतो.

खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल

सरकारी कचेरीतल्या साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो, आगगाडीच्या वरच्या वर्गात डोकं टेकायच्या जागी कापड असतं. अशा कापडाला इंग्रजीत ‘अँटिमॅकॅसर’ म्हणतात. म्हणजे मॅकॅसरच्या विरोधातला! अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या रोलंड नावाच्या केशभूषाकाराचं ‘मॅकॅसर ऑइल’ पुरुषमंडळींत फार चालायचं. त्या तेलाचे डाग खुर्च्यांवर पडायला लागले, तेव्हा घरोघरच्या बायकांनी पाठीवर धुता येतील असे विणलेले रुमाल घातले. केसांवरचा थर इतका वाढला, की त्याच्यासाठी फर्निचरला कपडे शिवावे लागले.

त्याच काळात इंग्लंडात केसांना आधी चरबीचं मलम आणि वर पिठूळ भुकटी लावायची पद्धत होती. सरकारने १७९५ मध्ये या भुकटीवर कर बसवला, माणशी वर्षाला एक गिनी. ते धान्यटंचाईचं वर्ष होतं, लोक भाकरीला महाग आणि पीठ डोक्यांवर. भुकटीची फॅशन हळूहळू उतरली, कायदा मात्र १८६९ पर्यंत तसाच होता. आजचा ड्राय शाम्पू म्हणजे बऱ्याच अंशी तीच पिठूळ भुकटी. तो तेल शोषतो, केस धुतलेले दिसतात, पण तेलही डोक्यावर आणि स्टार्चही डोक्यावर. राठ केसांत तो फार जपून वापरावा.

थर हौसेने जपणारेही आहेत. नामिबियाच्या वायव्येकडच्या हिंबा बायका लोणी आणि तांबडी गेरू कालवून तो लेप अंगाला आणि केसांच्या बटांना लावतात. त्याला त्या ‘ओत्जिझे’ म्हणतात. तिथे पाणी दुर्मीळ, ऊन भाजून काढणारं. त्या लेपाने रूपही येतं आणि रक्षणही होतं. फोटोत त्या तांबड्या बटा पाहताना मला कायम वाटतं, थर कुणी, कुठे आणि कशासाठी लावलाय यावर सगळं आहे.

खोबरेल तेलाची बाजू

केसांचा विषय निघाला की खोबरेल तेलावर हल्ली बरंच तोंडसुख घेतलं जातं. चिकट, जुनाट वगैरे. मला ते मान्य नाही, आणि माझ्या बाजूने मुंबईत झालेलं संशोधन आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातले आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा निबंध २००३ साली प्रसिद्ध केला. तेल विकणाऱ्या कंपनीतलं संशोधन हे ध्यानात ठेवूनच तो वाचायचा, पण आजही जगभर त्याचा दाखला दिला जातो. न्हाण्याआधी किंवा न्हाल्यानंतर लावल्यावर केसातून झिजून जाणारं प्रथिन तिन्हींपैकी खोबरेल तेलानेच लक्षणीय कमी केलं. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. बाकीची दोन तेलं बहुतांशी वरच राहतात.

पुढची गंमत अशी, की शाम्पूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटची शेपटीही याच लॉरिक कुळातली, बारा कार्बनांची, आणि पुष्कळदा खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलापासूनच बनवलेली. केसाला जपणारं तेल आणि ते तेल धुणारा साबणी रेणू एका नारळाची लेकरं.

तेव्हा तेल लावायचं ते न्हाण्याआधी. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल, मग उटणं आणि मग कढत पाणी हा क्रम ठरलेला आहे, रंगपंचमीला घराबाहेर पडण्याआधी आई डोक्यावर तेल थापते तेही त्याचसाठी. आधी तेल, मग धुणं. न्हाल्यावर ओल्या केसांवर दोन थेंब ठीक. पण रोज सकाळी कालच्या तेलावर आजचं तेल घातलं, की धूळ बसते आणि कीट तयार होतं. तेलाच्या बाटलीच्या बुडाशी, समईच्या तबकात जसं चिकट काळपट किटण जमतं, तेच डोक्यावर.

शिकेकाईबद्दल एकच सांगते. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याची साल उकळून त्या पाण्याने न्हाणं फार सुखाचं. पण पंचातून गाळून घ्या. नुसती पूड कालवून लावली तर दाट कुरळ्या केसांत तिचा भुसा राहतो आणि दोन दिवस खांद्यावर पडत राहतो. केळ्याचे लेप, मेथीचे लेप यांचंही तेच.

जिथे डाळ शिजत नाही

मी लातूरला हॉस्टेलवर होते, तेव्हा बोअरचं पाणी होतं. तूरडाळ तासभर उकळून दाणा दाणा वेगळा. बादलीच्या कडेला करडं कडं. तोटीवर पांढरे क्षार, खरवडले की खडूसारखे सुटायचे. आणि आम्हा सगळ्या मुलींचे केस झाडूसारखे. तेव्हा कुणाला या चार गोष्टींचा मेळ घालता आला नाही.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी गाठ पडली की विरघळत नाही, त्याचा चिकट साका होतो. बादलीचं करडं कडं म्हणजे तोच. अंगाच्या साबणाने किंवा साबणाच्या वडीने, मग ती शिकेकाईच्या नावाची का असेना, जड पाण्यात डोकं धुतलं की हा साका केसाकेसावर बसतो. शाम्पूतले रेणू असा साका करत नाहीत. शाम्पूने आपल्या आयांचं सगळ्यात मोठं काम हलकं केलं ते इथे. जर्मनीत हान्स श्वार्त्सकोफ यांच्या कंपनीने १९३३ मध्ये साबणाचा अल्कली नसलेला शाम्पू काढला, अमेरिकेत ‘ड्रीन’ही त्याच सुमाराचा. आपल्या खेड्यापाड्यांत शाम्पू पोचला तो पुडीतून, आणि ही पुडीची कल्पना तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची.

पण शाम्पू वापरला तरी कॅल्शियम उरतंच. केसाच्या ऋण भाराला ते चिकटतं. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. बोअरवर जगणाऱ्या कित्येक वस्त्यांत कसोटीचा कागद न लावताही उत्तर कळतं, डाळ सांगते.

या थरावर नेहमीचा शाम्पू पुरत नाही. त्याला ‘चिलेटिंग’ शाम्पू लागतो. मूळ ग्रीक शब्द खेकड्याच्या नांगीचा. रेणू नांगीत पकडल्यासारखा धातूला धरतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो. लेबलावर त्याची खूण ‘ईडीटीए’. हा रेणू तुम्ही पाहिलाय: रक्ततपासणीला जाता तेव्हा जांभळ्या बुचाची जी नळी असते, तिच्यात तोच असतो. रक्तातलं कॅल्शियम तो धरून ठेवतो म्हणून रक्त गोठत नाही. पोहायला जाणाऱ्यांच्या फिक्या केसांवर चढणारी हिरवट छटाही यानेच उतरते, कारण ती क्लोरीनची नसून पाण्यातल्या तांब्याची असते.

घरात आरओ असेल तर त्याच्या गाळलेल्या पाण्याचा शेवटचा एक तांब्या केसांवर ओता, फरक दिसेल. वाया जाणारं पाणी मात्र लादी पुसायलाच ठेवा. सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. आणि पावसाळा असेल, छप्पर दोन-चार सरींनी धुऊन निघालं असेल, तर पागोळ्यांचं पाणी धरा. त्यात जमिनीतला क्षार नाही. आजी त्या पाण्याने न्हायला लावायची. केस नुसते बोटांतून सुटायचे.

जट

एक गोष्ट गंभीर आहे, पण या विषयातून ती वगळणं मला पटत नाही. केस धुणं, विंचरणं थांबलं, त्यात तेल, घाम, धूळ साचली, की दाट केसांचा गुंता घट्ट होत होत नमद्यासारखा होतो. तीच जट. आपल्या महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात आजही तिला देवीचं बोलावणं मानलं जातं. मग तिला कात्री लावायची नाही, विंचरायचं नाही, वर हळदकुंकू आणि तेल वाहायचं, म्हणजे थरावर थर. पूर्वी अशा मुलींना यल्लम्माला सोडत. वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर बाळगून बायकांच्या मानेला, पाठीला रग लागते, डोक्यात जखमा होतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांना या जटांतून सोडवलं आहे. आधी घरच्यांशी बोलणं, भीती घालवणं, आणि मग कात्री. तुमच्या ओळखीत कुणाला जट असेल तर समितीच्या कार्यकर्त्यांना नक्की गाठा.

आता न्हायला बसू

कोरडे असतानाच बोटांनी गुंता सोडवा. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. टोकांना खोबरेल तेल लावून तासभर थांबा. केसांत व्हॅसलिन किंवा मेणाचं स्टायलिंग क्रीम असेल, तर हे तेल दुहेरी कामाचं, ते त्या मेणाला सैल करतं. काट्याने काटा.

मग कोमट पाण्याने केस पुरते भिजू द्या. थर असलेले केस सहज भिजत नाहीत, थेंब वरच्या वर घरंगळतात. आपण घाई करतो आणि शाम्पू कोरड्याच केसांवर पडतो. दोन मिनिटं नुसतं पाणी. ‘क्लॅरिफाइंग’ लिहिलेला शाम्पू, बोअरचं पाणी असेल तर ईडीटीएवाला, मगभर पाण्यात पातळ करून घ्या आणि बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेला लावा, नखांनी नको. लांबीवर चोळू नका. वरून वाहत आलेला फेस पुरतो. धुवा. पुन्हा एकदा हाच प्रकार, या वेळी फेस येईल. नंतर कंडिशनर, कानांच्या खालच्या केसांनाच, पाच मिनिटं. राठ केसांवर हे धुणं दर तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. रोज जेल किंवा सीरम लागत असेल तर पंधरा दिवसांनी. दर खेपेला केलं तर केस पार कोरडे पडतील.

खाण्याच्या सोड्याने केस धुवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. केसाच्या पृष्ठभागाला सामू सुमारे ३.६७ चा मानवतो, त्वचेला ५.५ चा, आणि सोड्याचं पाणी ८ च्या पुढे. कौलं उघडी पडतात, केस एकमेकांत अडकतात. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १२३ शाम्पूंचा सामू मोजला होता, ५.५ किंवा त्याखाली होते फक्त ३८ टक्के. म्हणून शेवटी लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घालून केसांवरून ओतण्याची युक्ती कामाची आहे. व्हिनेगर कधीही नुसतं नको, आणि डोक्यात जखम, पुरळ असेल तर हे काहीच नको. पांढरे पापुद्रे दोनदा नीट धुऊनही तिसऱ्या दिवशी परत आले, तर तो थर नसून बहुधा कोंडा आहे. त्यात बुरशीचा हात असतो आणि औषध त्वचारोगतज्ज्ञ देतात.

पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो ते पाहायची चाचणी फार लोक करतात. केसावर तेल असेल तर कुठलाही केस तरंगेल. नख ओढून पाहणं त्याहून खरं.

टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती टीशर्ट किंवा पंचा घेऊन केस मुठीत दाबा, पाणी निघू द्या.

आणि केस वाळत असतील तेवढ्यात कंगवा घ्या. उजेडात धरा. दातांच्या बेचक्यांत करडा, मऊ, चिकट गाळ दिसेल, केसांचे तुकडे आणि उशीच्या अभ्र्याचे धागे त्यात गुंतलेले. गरम पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकून कंगवा वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने एकेक दात घासा. पाणी दुधाळ होईल. ते ओता, दुसरं घ्या. अभ्राही याच दिवशी बदला. नाहीतर उद्या सकाळी पहिल्याच फणीला कालचा सगळा थर धुतलेल्या केसांवर परत जाईल.